वरकस जमिनीवरील कार्बन क्रेडिट योजना: सहा वर्षांनंतरचा अभिप्राय

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावात एका खासगी कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनीवर झाडे लावून त्यांचे कार्बन क्रेडिट (झाडांनी हवेतून घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडची विकता येणारी नोंद) विकण्याची योजना आणली, तेव्हा आम्ही आमची एक हेक्टर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन त्या योजनेत दिली. जून २०१९ मध्ये लागवड झाली, २०२४ च्या सुरुवातीला पहिली मोजणी झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिले पैसे खात्यावर आले. आता कोकणात आणि घाटावरही अशा योजना घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि ओळखीचे लोक फोन करून विचारू लागले आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवत आहे. कंपनीचे नाव मी देत नाही. एक तर हिशेबाबाबतचा आमचा पत्रव्यवहार अजून संपलेला नाही आणि दुसरे म्हणजे नंतर इतर दोन कंपन्यांचे करार पाहण्यात आले, त्यांतील मुख्य कलमे जवळपास अशीच होती. त्यामुळे हा अभिप्राय एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या सेवेवरचा समजावा.

माझे मत आधीच सांगतो. रोपे उत्तम होती, मोजणी प्रामाणिकपणे झाली, पैशांचा हिशेब मात्र समजेल अशा रीतीने दिला गेला नाही आणि कराराची तीस वर्षांची मुदत आमच्यासारख्या सामाईक सातबाऱ्याच्या कुटुंबाला फार जड आहे. लागवडीस मदत म्हणून ही योजना उपयोगी आहे. उत्पन्नाचे साधन म्हणून तिच्याकडे पाहू नये.

मिळालेल्या गोष्टींपासून सुरुवात करतो. काजूची दोनशे कलमे, कोकमाची चाळीस आणि फणसाची वीस रोपे बांधावर आणून दिली गेली आणि त्यासाठी आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. काजूची कलमे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची, जोड नीट सांधलेली आणि पिशवीत मुळे न गुंडाळलेली होती. ज्यांनी बाजारातून कलमे आणून निम्मी फुकट घालवली आहेत त्यांना या गोष्टीचे महत्त्व सांगायला नको. खड्डे आम्ही खणले, शेणखत आमचे घातले. पहिली दोन वर्षे दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेला एक तरुण समन्वयक दर दोन महिन्यांनी येत असे. कलमाच्या जोडाखालची फूट कशी काढावी, ढेकण्या ही कीड पडल्यास काय करावे, हे तो झाडापाशी बसून दाखवत असे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात अकरा फणस आणि काही कोकम मोडले, त्यांच्या जागी नवी रोपे त्याच पावसाळ्यात आली. आज एकूण एकशे नव्वद झाडे उभी आहेत आणि डोंगरउताराच्या, जांभा दगड वर आलेल्या, एप्रिलमध्ये पाण्याचा थेंब नसलेल्या जमिनीवर हे प्रमाण चांगलेच म्हटले पाहिजे.

मोजणीची पद्धतही मला आवडली. प्रत्येक झाडाच्या खोडावर छातीच्या उंचीला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला गेला, त्या पट्ट्यावर टेपने घेर मोजला गेला आणि मोबाईलवर झाडाचे स्थान व फोटो नोंदवला गेला. काजूला खालूनच फांद्या फुटत असल्याने काही झाडांचे दोन-दोन, तीन-तीन घेर घ्यावे लागले. नमुन्यातील झाडे मोजून बाकीच्यांचा अंदाज करण्याचीही रीत आहे, परंतु आमच्या प्लॉटमध्ये सगळी झाडे मोजली गेली. पुढे बाहेरच्या पडताळणी संस्थेचे दोघे जण आले आणि त्यांनी मधली वीस-पंचवीस झाडे पुन्हा मोजून पाहिली. मेलेले झाड जिवंत दाखवण्याचा प्रयत्न कोणीही केला नाही.

आता या घेरातून क्रेडिट कसे तयार होते ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळी अपेक्षा किंवा निराशा त्या गणितात आहे. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. घेरावरून झाडाचे मुळांसह वाळलेले वजन काढतात, त्या वजनाचा साधारण सत्तेचाळीस टक्के भाग कार्बन असतो आणि कार्बनच्या वजनाला ४४ भागिले १२, म्हणजे सुमारे ३.६७ ने गुणले की त्या झाडाने हवेतून घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते. आमच्या साडेचार वर्षांच्या काजूचे मुळांसह वाळलेले वजन सरासरी वीस किलो धरले, तर एका झाडाचे सुमारे साडेचौतीस किलो होतात. एकशे नव्वद झाडांचे मिळून साडेसहा टन. त्यातून आग, वादळ, तोड यांसाठी काही क्रेडिट राखीव साठ्यात ठेवावी लागतात. हा हिस्सा वीस टक्के धरला, तर विकण्यासाठी पाचच्या आसपास क्रेडिट उरतात. टनाला दहा डॉलर भाव आणि डॉलरला ८५ रुपये धरले, तर एका हेक्टरावरची, साडेचार वर्षांची, पूर्ण रक्कम साडेचार हजार रुपयांच्या आत येते. कराराप्रमाणे आमचा हिस्सा साठ टक्के, म्हणजे सुमारे दोन हजार सहाशे.

प्रत्यक्षात खात्यावर २,१८० रुपये जमा झाले.

हे आकडे वाचून कोणी दचकू नये. झाड लहान असताना लाकूड थोडे असते, वयाबरोबर ते झपाट्याने वाढते. तरीही वीस वर्षांच्या झाडाचे वाळलेले वजन दोनशे किलो धरून आणि तोच भाव कायम मानून हिशेब केला, तर वर्षाला सरासरी दीड-दोन हजार रुपयांपलीकडे शेतकऱ्याच्या हाती फारसे येत नाही. याच जमिनीत गेल्या हंगामात पावणेदोनशे किलो काजू बी निघाली आणि ती किलोला १२० रुपयांनी गेली. गावातील सभेत मात्र पडद्यावर जी रक्कम दाखवली गेली ती “एकरी दरवर्षी” अशी होती आणि ती कोणत्या वयाच्या झाडासाठी, कोणत्या भावाने काढली होती, हे विचारण्याचे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. त्या चुकीत आमचाही वाटा आहे, परंतु ज्याला गणित येते त्याने ते समोरच्याला समजावून सांगणे हे त्याचे काम आहे, असे मला वाटते.

२,६०० आणि २,१८० यांतील फरक रकमेने लहान आहे. माझी तक्रार त्या रकमेची नाही. करारात “निव्वळ उत्पन्नाच्या” साठ टक्के असे शब्द आहेत आणि निव्वळ म्हणजे कोणते खर्च वजा करून, याची यादी कोठेही नाही. क्रेडिट किती निर्माण झाली, किती राखीव साठ्यात गेली, किती विकली गेली, कोणत्या भावाने आणि कोणाला, या पाच प्रश्नांची उत्तरे मी दोन पत्रांनी आणि एका ईमेलने मागितली आहेत. पहिल्या पत्राला आलेल्या उत्तरात व्यापारी गोपनीयतेचा उल्लेख होता. दुसऱ्याला उत्तर आलेले नाही. नोंदणीच्या सार्वजनिक यादीत प्रकल्पाची एकूण क्रेडिट दिसतात, परंतु भाव तेथे नसतो आणि शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी एकाच प्रकल्पात असल्याने आमच्या हेक्टराचा वाटा त्यावरून काढता येत नाही.

करारासंबंधी थोडे अधिक लिहितो. मूळ करार बावीस पानांचा आणि इंग्रजीत होता, सोबत दोन पानांचा मराठी गोषवारा होता. गोषवाऱ्यात रोपे, मार्गदर्शन आणि हिस्सा यांची माहिती होती. तीस वर्षे झाडे न तोडण्याची अट होती, पण जमीन विकल्यास किंवा वाटणी झाल्यास नव्या मालकावरही करार बंधनकारक राहील, वणव्यात झाडे गेल्यास तिसऱ्या वर्षानंतर शेतकऱ्याने स्वखर्चाने पुन्हा लावावीत आणि वाद झाल्यास लवाद दुसऱ्या राज्यातील शहरात होईल, ही कलमे त्यात नव्हती. कोकणातील जमिनीची स्थिती ज्यांना माहीत आहे त्यांना पहिल्या कलमाचे वजन लगेच कळेल. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावे आहेत. त्यांपैकी नऊ जण मुंबईत, एक चुलत बहीण बडोद्यात आणि दोन नावे आता हयात नसलेल्यांची, ज्यांच्या वारसनोंदी व्हायच्या आहेत. सही माझ्या थोरल्या भावाने केली. विक्रोळीच्या आत्याला हे दोन वर्षांनी कळले, तेव्हा तिने फोनवर एवढेच विचारले, “अरे, माझ्या नातवाला तिथे घर बांधायचं झालं तर तीस वर्षं थांबायचं का?” तिच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. सर्व सहहिस्सेदारांची संमती घेतल्याशिवाय असा करार करूच नये, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. संमती न घेता सही स्वीकारणाऱ्या कंपनीनेही स्वतःचाच पाया कच्चा ठेवलेला असतो.

ज्या एका गोष्टीने मला सर्वांत जास्त विचारात पाडले ती पैशांची नाही. आमच्या प्लॉटच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी, एक बेहडा आहे. दोन माणसांनी हात जोडले तरी कवेत येत नाही एवढे त्याचे खोड आहे. त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्ष्यांची जोडी येते, मादी आत बसून ढोली लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवत राहतो. आजोबांच्या काळापासून लाकडाचे ठेकेदार येऊन त्या झाडाला आणि त्याच्याभोवतीच्या ऐन, किंजळ, जांभळाच्या राईला भाव करून जातात आणि आम्ही दरवेळी नाही म्हणत आलो आहोत. मोजणीच्या दिवशी मी सहज समन्वयकाला म्हटले की एवढ्या काजूंच्या वजनापेक्षा या एकट्या झाडाचे वजन जास्त असेल. तो म्हणाला, “असणारच काका, पण हे झाड धरता येत नाही. ते आधीपासूनचं आहे.”

त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. क्रेडिट मिळते ते प्रकल्पामुळे नव्याने साठलेल्या कार्बनचे. जे प्रकल्प नसतानाही झालेच असते त्याचे मिळत नाही. हे तत्त्व योग्य आहे, कारण त्याशिवाय कोणीही डोंगरावरचे असलेले जंगल दाखवून क्रेडिट मागेल. लोकांनी क्रेडिटसाठी जंगल तोडून पुन्हा लागवड करू नये म्हणून क्रेडिटची मानके ठरवणाऱ्या व्हेरा या संस्थेच्या मानकात असाही नियम आहे की प्रकल्प सुरू होण्याआधीच्या दहा वर्षांत नैसर्गिक वन साफ केलेली जमीन चालत नाही. नियमामागचा हेतू चांगला आहे. आमच्या वाडीत मात्र त्याचा परिणाम असा झाला की ज्या शेजाऱ्याने प्रकल्प सुरू होण्याच्या बारा वर्षे आधी आपली राई ठेकेदाराला दिली त्याची सगळी जमीन योजनेत बसली आणि आम्ही राखलेली राई बाहेर राहिली. शेजाऱ्याला दोष देता येणार नाही. त्याच्या मुलीचे लग्न होते आणि दुसरा पैसा नव्हता. परंतु राखणाऱ्याला काहीच मिळणार नसेल, तर ठेकेदाराचे पुढचे बोलणे ऐकून घेण्यापासून त्याला किती पिढ्या अडवता येईल, याचा विचार धोरण आखणाऱ्यांनी करायला हवा. उभे जंगल राखण्यासाठी क्रेडिट देणारे वेगळे प्रकल्प असतात, पण ते मोठ्या सलग क्षेत्रासाठी आखलेले असतात आणि जंगल तुटण्याचा धोका किती होता हे त्यांत सिद्ध करावे लागते. दोन-दोन एकरांच्या खासगी राया त्यात बसवणे फार अवघड आहे.

आमच्याच तालुक्यात दुसऱ्या प्रकारचा एक प्रयत्न झालेला आहे, त्याची येथे तुलना करणे उचित वाटते. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने खासगी जंगलांच्या मालकांशी जंगल राखण्याचे करार केले आणि बेहडा-हिरड्याची फळे फेअरवाइल्ड या, रानातील वनस्पती जपून गोळा केल्याच्या प्रमाणपत्राखाली चांगल्या भावाने बाहेर जाण्याची व्यवस्था केली. त्या पद्धतीत झाड जितके जुने तितके त्याचे मोल जास्त. कार्बन क्रेडिटच्या हिशेबात आमचा बेहडा शून्य आहे आणि फळांच्या हिशेबात तो वाडीतला सर्वांत कमावता सदस्य ठरू शकतो. मला यांपैकी एकच निवडायचे असते, तर मी दुसरे निवडले असते.

आता धोरणाकडे वळतो, कारण सभेत सांगितले जाणारे “सरकारने आता कार्बन बाजार सुरू केला आहे” हे वाक्य अर्धवट आहे. ऊर्जा संवर्धन (सुधारणा) कायदा २०२२ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे जून २०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ती मुळात सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्ये देण्यासाठी आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्यात दुरुस्ती होऊन, लक्ष्ये नसलेल्यांनाही स्वेच्छेने प्रकल्प नोंदवता येतील असा मार्ग जोडला गेला आणि मार्च २०२५ मध्ये त्यासाठी आठ कार्यपद्धती मंजूर झाल्या. त्यांत कांदळवनाची लागवड आहे, जी खाडीकाठच्या गावांनी जरूर पाहावी. आमच्यासारख्यांचे प्रकल्प आजही परदेशी मानकांखाली, स्वेच्छेच्या बाजारात, म्हणजे कायद्याची सक्ती नसताना क्रेडिट घेणाऱ्या खरेदीदारांना विकले जातात. कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतील स्वेच्छा कार्बन बाजारासाठी एक आराखडा जाहीर केला, ही चांगली सुरुवात आहे, परंतु मला हवी असलेली गोष्ट साधी आहे: शेतकऱ्याच्या हिश्शाची किमान मर्यादा, विक्रीचा भाव शेतकऱ्याला कळवण्याची सक्ती आणि करार शेतकऱ्याच्या भाषेत असण्याची अट. या तीन गोष्टी नियमात येईपर्यंत शेतकरी कंपनीच्या भलेपणावर अवलंबून राहणार.

केंद्र सरकारचा ग्रीन क्रेडिट कार्यक्रम हा प्रकार पुन्हा वेगळा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या त्या कार्यक्रमातील वृक्षलागवड प्रामुख्याने वनखात्याच्या अवनत जमिनींवर होते. खासगी सातबाऱ्याशी त्याचा संबंध जोडून कोणी सांगत असेल, तर सावध राहावे.

बाजाराची अनिश्चितताही लक्षात घ्यावी. क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान कराराच्या काळात धुळे जिल्ह्यातील पवनचक्क्यांसह भारतातील शेकडो प्रकल्पांनी क्रेडिट मिळवली आणि २०१२ च्या अखेरीस त्या क्रेडिटचा भाव एका युरोच्याही खाली गेला. स्वेच्छेच्या बाजारातही तसेच झाले. जानेवारी २०२३ मध्ये वर्षावनांच्या बहुतेक क्रेडिटमागे प्रत्यक्ष फायदा नसल्याचे सांगणारा पत्रकारांचा तपास प्रसिद्ध झाला, तो व्हेराने फेटाळला, परंतु खरेदीदारांचा विश्वास हलला आणि २०२२ मध्ये सुमारे १९० कोटी डॉलर असलेली उलाढाल २०२३ मध्ये ७२ कोटींच्या आसपास आली. तीस वर्षांचा करार करणाऱ्या शेतकऱ्याला या चढउताराची कल्पना कोणी देत नाही.

पॅरिस करारात भारताने २०३० पर्यंत जंगल आणि झाडांच्या आधारे २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड इतका अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे वचन दिले आहे. यात शेतकऱ्यांच्या बांधावरची झाडे मोजली जाणार आहेत. मग परदेशातील कंपनीने आमचे क्रेडिट विकत घेतले, तर तो कार्बन कोणाच्या खात्यात धरायचा, हा प्रश्न उरतो. देशाबाहेर अधिकृतपणे हस्तांतरित करता येतील अशा कामांची पहिली यादी केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये काढली. तिच्यात हरित हायड्रोजन, समुद्रातील पवनऊर्जा अशी कामे आहेत, शेतातील झाडे नाहीत. देशाने आपल्या झाडांचा साठा आपल्याकडेच ठेवावा हे मला पटते. मात्र मग तो साठा सांभाळणाऱ्याला देशानेच काही द्यावे. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडून फळबाग योजना सुरू केली, तेव्हा कोकणातल्या ओसाड डोंगरांवर आंबा-काजू उभा राहिला आणि त्यासाठी कोणाच्या जमिनीवर तीस वर्षांचा बोजा चढला नाही. आमच्या वडिलांनी त्या योजनेत लावलेली कलमे आजही धरतात.

ज्यांच्याकडे एकट्याच्या नावावरची, पडीक, पुढील तीस वर्षांत विकायची किंवा बांधायची नसलेली जमीन आहे आणि ज्यांना चांगली कलमे व पहिल्या दोन वर्षांचे मार्गदर्शन हवे आहे, त्यांनी ही योजना जरूर पाहावी. करार वकिलाकडून मराठीत समजून घ्यावा, “निव्वळ” या शब्दापुढे वजा होणाऱ्या खर्चांची यादी लिहून घ्यावी, वणव्याची जबाबदारी वाटून घ्यावी आणि फळ व फांदीछाटणीचा हक्क आपला राहील हे स्पष्ट शब्दांत घालून घ्यावे. सहहिस्सेदार अनेक असतील, तर आधी वारसनोंदी आणि वाटणी पूर्ण करावी. शासनाच्या फळबाग योजनेत बसत असाल, तर आधी तिकडे अर्ज करावा. दोन्हींचा लाभ एकाच लागवडीवर सहसा घेता येत नाही, कारण सरकारी पैशातून जे झालेच असते त्याला क्रेडिट मिळत नाही.

आमच्याकडे फेब्रुवारीत वणवा अडवण्यासाठी जाळरेषा काढण्याचे काम सुरू होईल. पुढची मोजणी २०२९ मध्ये आहे. आत्या आणि इतर सहहिस्सेदारांच्या संमतीचे कागद आम्ही जमवत आहोत आणि मागितलेल्या हिशेबासाठी तिसरे पत्र गेल्या आठवड्यात नोंदणीकृत टपालाने पाठवले आहे. उत्तर आले, तर त्यातील आकडे या अभिप्रायात जोडीन.